क्रू आगीवर गेलाय: कॅलिफोर्नियातले कैद्यांचे फायर कॅम्प आणि तिथली मुलाखत

गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी माझ्या शेजारणीला गाडीत घेऊन पहाटे पाचला डोंगराकडे निघाले. तिचं वय सत्तरीच्या घरात आहे आणि अंधारातलं, घाटातलं ड्रायव्हिंग तिला झेपत नाही. तिचा मुलगा कॅलिफोर्निया राज्याच्या तुरुंग खात्याकडे शिक्षा भोगतो आहे. गेलं दीड वर्ष तो एका फायर कॅम्पमध्ये आहे, म्हणजे वणवे विझवायला जाणाऱ्या कैद्यांच्या वसाहतीत. आदल्या संध्याकाळी तिने कॅम्पला फोन केला होता तेव्हा सगळे कॅम्पवरच होते. अर्ध्या वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर, मोबाइलला रेंज आहे तोवर आणखी एकदा विचारून घ्यावं म्हणून तिने पुन्हा फोन लावला. क्रू रात्रीच आगीवर गेला, परत कधी येईल ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "वळव गाडी." मागच्या सीटवर एका पारदर्शक पिशवीत तिचं लायसन्स, गाडीची जादा किल्ली आणि सुटे डॉलर होते. तुरुंगात आत नेता येतं तेवढंच सामान तिने आदल्या रात्री मोजून भरून ठेवलं होतं.

तुरुंगातल्या माणसाला भेटण्याला आपल्याकडे मुलाखत म्हणतात. ती हुकली की पुढच्या आठवड्याची वाट पाहायची, हे येरवड्याबाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. फायर कॅम्पची मुलाखत मात्र वाऱ्याची दिशा बदलली म्हणूनही हुकते. घरी परतताना ती बराच वेळ बोलत होती. त्यानंतर मी या कॅम्पांविषयी मिळेल ते वाचत गेले. पुण्यातल्या बहिणीला किंवा इथल्या मराठी मंडळींना यातलं काही सांगू लागले की प्रश्न ठरलेले असतात: कैद्यांना आगीत पाठवतात? सक्तीने? ते पळून जात नाहीत? आणि घरच्यांना भेटू देतात का? त्या प्रश्नांची उत्तरं मला समजली तशी इथे मांडते आहे.

कुंपण नसलेला तुरुंग

सरकारी कागदावर या जागांना कन्झर्वेशन कॅम्प म्हणतात, बोलताना सगळे फायर कॅम्प म्हणतात. २०२५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात असे ३५ कॅम्प होते, त्यातले दोन स्त्रियांचे. कॅम्प चालवायला दोन खाती एकत्र येतात. कैद्यांचा ताबा, हजेरी, शिस्त आणि मुलाखती तुरुंग खात्याकडे. प्रशिक्षण आणि आगीवरचं काम कॅल फायरकडे, म्हणजे राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याकडे. लॉस एंजलिस परिसरातल्या काही कॅम्पांत कॅल फायरच्या जागी तिथल्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, अग्निशमन दल असतं. त्यामुळे कॅम्पवरच्या माणसाला रोज दोन साहेब असतात. एक त्याला कैदी म्हणून मोजतो. दुसरा त्याला क्रूमधला गडी म्हणून कामाला लावतो. शेजारणीचा मुलगा म्हणतो, की आपल्याला नावाने हाक मारणारा पहिला सरकारी माणूस हा दुसऱ्या प्रकारचा होता.

जागा बहुतेक जंगलात, वस्तीपासून लांब. राहायच्या बराकी, मुदपाकखाना, अवजारांची शेड, लाल रंगाच्या क्रू-गाड्या. पुष्कळ कॅम्पांना काटेरी तारेचं कुंपणच नसतं. हद्द कुठे संपते ते खुणांवरून कळतं, आणि ती ओलांडायची नाही हे माणसाने स्वतः पाळायचं. कधीतरी कोणीतरी निघून जातो, पकडला गेला की शिक्षा वाढते आणि कॅम्पचं दार कायमचं बंद होतं. बाकीचे राहतात.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदी परकी वाटू नये. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रीडमन आणि भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिथे भिंतींशिवायची कैद्यांची वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यातले कैदी तिथे शेती करत आणि कुटुंबासह राहत. कुंपण काढून घेतलं की बहुतेक माणसं पळत नाहीत, हा अनुभव दोन्हीकडे सारखा. फरक कामात आहे. स्वतंत्रपुरात हातात नांगर होता. कॅलिफोर्नियात समोर पेटलेला डोंगर असतो.

कॅम्प सुरू झाले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेले, वणवे विझवायला हात उरले नाहीत, तेव्हा कैद्यांना नेलं. १९४६ मध्ये सॅन डिएगो काउंटीतल्या रेनबो इथे पहिला कायमचा कॅम्प उघडला. युद्ध संपून आठ दशकं झाली, ती तात्पुरती सोय अजून चालू आहे.

कोण जातं, आणि 'स्वखुशीने' म्हणजे काय

कॅम्पला जायला कैद्याने स्वतः अर्ज करावा लागतो, कोणालाही जबरदस्तीने पाठवत नाहीत. सुरक्षेच्या सगळ्यात खालच्या वर्गात बसणारा, तब्येतीने आणि मनाने धड, उरलेली शिक्षा साधारण आठ वर्षांच्या आत असलेला माणूस घेतात. लैंगिक गुन्हा, जाळपोळ किंवा तुरुंगातून पळण्याचा इतिहास असेल तर घेत नाहीत. निवड झाल्यावर वर्गातलं आणि मैदानावरचं प्रशिक्षण होतं. कॅल फायरच्या हंगामी जवानांना सुरुवातीला जे शिकवतात तेच यांनाही शिकवतात. त्याआधी डोंगर चढून-उतरून दम पाहतात, आणि तिथेच बरेच जण गळतात.

मग माणसं स्वतःहून का जातात? पहिलं कारण माफीचे दिवस. क्रूमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना कामाच्या प्रत्येक दिवसामागे शिक्षेतले आणखी दोन दिवस सुटतात. कॅम्पवरच राहून स्वयंपाक, धुलाई, दुरुस्ती करणाऱ्यांना एका दिवसामागे एक दिवस मिळतो. दुसरं कारण जेवण, मोकळी हवा आणि रात्रीची शांतता. मोठ्या तुरुंगात टोळ्यांची भांडणं, सततची झडती, दिवसभर लोखंडी दारांचा आवाज. कॅम्पवर सकाळी दार उघडलं की समोर देवदार असतात.

म्हणून 'स्वयंसेवक' या शब्दापाशी मी अडखळते. ज्याच्यापुढे एका बाजूला कोठडी आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडं, पोटभर जेवण आणि घरी लवकर जाण्याची संधी, त्याने झाडांची बाजू निवडली तर ती निवड खरीच असते. पण ती निवड मुक्त माणसाची नसते. कॅम्पवर राहिलेले कितीतरी लोक सांगतात, की तुरुंगवासातला आमचा सगळ्यात चांगला काळ हाच होता. हे ऐकून या पद्धतीत काही गैर नाही असा अर्थ काढणारेही भेटतात. मला त्यातून तुरुंगाची अवस्था जास्त कळते. आगीसमोर उभं राहणं ज्याच्या मानाने बरं वाटावं, ती जागा कशी असेल?

जाळरेषा

वणवा पाण्याने विझवतात असं आपल्याला वाटतं. विमानातून पडणारं पाणी आणि आगरोधक लाल द्रव टीव्हीवर दिसतो, त्यामुळे तो समज पक्का होतो. पाण्याने आग मंदावते, पण तिला थांबवायला बहुतेक वेळा तिचं खाद्य काढून घ्यावं लागतं. सह्याद्रीत वन विभागाचे मजूर उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच जाळून ठेवतात, म्हणजे वणवा त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. कॅलिफोर्नियातले हे क्रू तशीच रेषा काढतात, पण खणून, आणि आग जवळ येत असताना.

एका क्रूमध्ये साधारण बारा ते सतरा जण असतात, सोबत कॅल फायरचा कॅप्टन. सगळे एकामागे एक चालतात आणि प्रत्येकाचं अवजार ठरलेलं असतं. पुढे चेनसॉवाले झुडपं आणि फांद्या कापतात, त्यांचे जोडीदार कापलेलं उचलून आगीपासून लांब फेकतात. त्यांच्यामागे पुलास्की चालवणारे. पुलास्कीला एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं असतं आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं, त्याने मुळं तोडतात. शेवटी मॅक्लाउडवाले, ज्यांच्या अवजाराला एकीकडे जाड दात आणि दुसरीकडे रुंद फावडं, ते उरलेला पालापाचोळा ओढून जमीन उघडी करतात. मागे राहतो तो निव्वळ मातीचा पट्टा, ज्यात जळायला काही नाही. पाइपने पाणी पोचत नाही, बुलडोझर चढत नाही अशा उभ्या उतारावर हे काम हातानेच होतं. म्हणून यांना हँड क्रू म्हणतात.

अंगावर आगरोधक कपडे, डोक्याला हेल्मेट, पाठीवर पाणी आणि सामान, कमरेला आगीत अडकल्यास पांघरून पडून राहायची चंदेरी घडी. कॅल फायरचे जवान पिवळ्या कपड्यांत असतात आणि कैदी नारिंगी. लांबून पाहणाऱ्याला एवढ्या रंगावरूनच फरक कळतो. पाळी बहुधा २४ तासांची, मग २४ तास विश्रांती, तीही आगीजवळच्या तळावर तंबूत. मोठी आग असेल तर आठवडेच्या आठवडे असं चालतं. त्या तळावर शेकडो जवानांना जेवू घालणारी फिरती स्वयंपाकघरं असतात, तिथेही बऱ्याचदा कैदीच रांधतात.

आग नसते तेव्हाही क्रू बसून नसतो. रस्त्याकडेची झुडपं तोडणं, पुराच्या वेळी वाळूची पोती भरणं, उद्यानांची डागडुजी, जंगलात हरवलेल्यांचा शोध. यातलं झुडपं तोडण्याचं काम बातम्यांत येत नाही, पण पुढच्या वणव्याची ताकद त्यानेच कमी होते.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसमध्ये पॅलिसेड्स आणि ईटन या आगी लागल्या, तेव्हा हजाराहून अधिक कैदी तिथे कामाला होते. भारतातून मला फोन आले, तुम्ही बऱ्या आहात ना म्हणून. मी लॉस एंजलिसपासून फार लांब राहते, पण टीव्हीवर नारिंगी कपड्यातली ओळ दिसली की शेजारीण पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा पाहायची.

मोबदला

इथे आकडेच बोलतात. २०२५ पर्यंत या माणसांना कौशल्याप्रमाणे दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर मिळत, आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला एक डॉलर जास्त. म्हणजे नवख्या माणसाच्या २४ तासांच्या पाळीचे २९.८० डॉलर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बाहेरच्या कोणत्याही कामगाराची किमान मजुरी तासाला १६.५० डॉलर होती. कैद्याकडे कोर्टाने ठरवलेली नुकसानभरपाई बाकी असेल तर तीही याच कमाईतून कापली जाते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी एक विधेयक मंजूर केलं. त्यानुसार प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला ७.२५ डॉलर मिळतील. हा आकडा देशाच्या किमान मजुरीचा आहे, राज्याच्या किमान मजुरीच्या निम्माही नाही. तरी जुन्या दरापुढे ही मोठी उडी आहे आणि मला तिचा मनापासून आनंद झाला. शेजारणीचा मुलगा सुटेल तेव्हा खोलीचं डिपॉझिट भरण्याइतके पैसे त्याच्या हातात असतील, असं ती आता हिशेब करून सांगते.

इतकी कमी मजुरी कायद्यात बसते कशी? अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून करून घेतलेल्या कामाचा अपवाद ठेवला. कॅलिफोर्नियाच्या घटनेतही तशीच तरतूद आहे. ती काढून टाकावी का, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदान झालं आणि मतदारांनी नकार दिला. फायर कॅम्पवर कोणी सक्तीने जात नाही हे खरंच, पण मजुरी ठरवताना जी मोकळीक सरकारला मिळते तिचं मूळ या अपवादात आहे.

धोका

ओंडके कोसळतात, दगड गडगडत येतात, चेनसॉ निसटते, धूर छातीत बसतो. २०१६ मध्ये मालिबूजवळ एका आगीवर २२ वर्षांच्या एका कैदी तरुणीच्या डोक्यात वरून सुटलेला दगड लागला आणि ती गेली. २०१७ मध्ये आणखी कैदी असेच कामावर दगावले, त्यातल्या एकावर झाड पडलं. टाइम साप्ताहिकाने २०१८ मध्ये दुखापतींची आकडेवारी तपासली, तेव्हा कापणं, मार लागणं, हाड मोडणं अशा जखमांचं प्रमाण नोकरीवरच्या जवानांच्या तुलनेत कैद्यांमध्ये चौपटीहून अधिक निघालं.

घरच्यांनी या आकड्यांपुढे काय करायचं? शेजारीण मुलाला कॅम्प सोड म्हणत नाही. प्रत्येक दिवसामागे दोन दिवस कमी होतात हे तिला माहीत आहे, आणि तिचं स्वतःचं वय तिला माहीत आहे.

सुटल्यावर

या पद्धतीतली सगळ्यात दुखरी गोष्ट बरीच वर्षं ही होती, की कैदी म्हणून आग विझवलेल्या माणसाला सुटल्यावर अग्निशमन दलात नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य होतं. शहरांच्या आणि काउंट्यांच्या दलांना जवानाकडे ईएमटीचा परवाना लागतो, म्हणजे जखमीला पहिला उपचार देण्याचा. गंभीर गुन्ह्याची नोंद असलेल्याला तो परवाना वर्षानुवर्षं मिळत नाही. कॅल फायर आणि केंद्राची वनसेवा अशा लोकांना हंगामी कामावर घेऊ शकतात, पण पक्क्या नोकरीची वाट तिथे अडते.

सप्टेंबर २०२० मध्ये यावर कायदा झाला. एबी २१४७ या नावाने तो ओळखला जातो. कॅम्पवर नीट काम केलेला माणूस सुटल्यावर कोर्टात अर्ज करून आपल्या गुन्ह्याची नोंद रद्द करवून घेऊ शकतो. खून, अपहरण, बलात्कार, जाळपोळ अशा गुन्ह्यांना तो लागू नाही. अर्ज करायला लागतो, बहुधा वकीलही लागतो, आणि निर्णय न्यायाधीशाच्या हातात असतो. म्हणून कॅम्पवर असतानाच कामाच्या नोंदी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, कॅप्टनची शिफारस असे कागद घरी पाठवून नीट जपून ठेवणं फार उपयोगी पडतं. शेजारणीने त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा केला आहे.

व्हेंतुरा काउंटीतल्या कॅमारिओ इथे २०१८ पासून एक प्रशिक्षण केंद्रही चालतं. कॅम्पवरून सुटलेल्यांना तिथे दीड वर्ष राहून पुढचं शिक्षण घेता येतं. जागा थोड्याच आहेत, पण ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी ती खरी पायवाट आहे.

भेटायला जाताना

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते.

कॅम्पवर असला तरी तो राज्याच्या तुरुंग खात्याचाच कैदी असतो, त्यामुळे भेटीचे मूळ नियम तुरुंगाचेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधी मंजुरी लागते. त्याचा फॉर्म कैद्याकडून येतो. तो सही करून आपल्याला पाठवतो, आपण भरून तुरुंगाच्या मुलाखत विभागाला पाठवायचा. उत्तराला सुमारे तीस कामाचे दिवस, म्हणजे सहा आठवडे धरावेत. मंजुरी मिळाली की ती कैद्याला कळवतात आणि तो आपल्याला सांगतो. नाकारली तर आपल्याला पत्र येतं.

फॉर्ममध्ये आयुष्यात कधीही झालेली अटक किंवा शिक्षा विचारतात. किती जुनी असो, प्रकरण कोर्टात पडलं असो, लिहा. अर्ज फेटाळले जातात त्यामागे जुना गुन्हा असण्यापेक्षा तो न लिहिणं हे कारण जास्त वेळा असतं. वीस वर्षांपूर्वीची एक रात्र लाजेपोटी गाळली आणि वर्षभर मुलाला भेटता आलं नाही, अशा बायका शेजारणीला मुलाखतीच्या रांगेत भेटल्या आहेत.

माणूस मोठ्या तुरुंगातून कॅम्पवर गेला की आधीची मंजुरी सहसा चालू राहते. तरी नव्या कॅम्पवर पहिल्यांदा जाण्याआधी आपलं नाव त्यांच्या यादीत आहे ना, हे फोनवर विचारून घ्यावं. माझ्याकडे मंजुरी नाही, म्हणून मी आत जात नाही. मी तिला फाटकाशी सोडते आणि जवळच्या गावात जाऊन थांबते. कोणी सोबत गाडी चालवायला आलं असेल तर त्यालाही आत बसू देतील असं धरून चालू नका.

कॅम्पची मुलाखत शनिवारी, रविवारी आणि काही सुट्यांना असते. फोन दोनदा करायचा, आदल्या दिवशी आणि निघण्याआधी, आणि वाटेत रेंज जाण्याआधी जमलं तर तिसऱ्यांदा. आम्ही ते शिकलो. पत्ता कागदावर लिहून न्या, डोंगरात नकाशा उघडत नाही. पेट्रोलची टाकी भरून ठेवा.

छायाचित्र असलेलं, मुदतीतलं ओळखपत्र मूळ लागतं, लायसन्स किंवा पासपोर्ट. मुलं नेत असाल तर जन्मदाखला न्या. मूल आपलं स्वतःचं नसेल, भाचा किंवा नातू असेल, तर त्याच्या आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्रही लागतं. फोन, स्मार्ट घड्याळ गाडीतच.

कपड्यांवरून लोकांना परत पाठवतात, आणि तीन तासांच्या प्रवासानंतर ते फार जिव्हारी लागतं. निळी जीन्स आणि निळा शर्ट हा कैद्यांचा वेश, म्हणून तो नको. हिरवी पँट आणि त्यावर फिकट तपकिरी शर्ट हा पहारेकऱ्यांचा, तोही नको. लष्करी ठिपक्यांचं काही नको. गळा, पाठ, पोट झाकलेलं असावं, स्कर्ट गुडघ्याच्या फार वर नको. धातूची तार असलेली ब्रा तपासणी यंत्रात वाजते, तेव्हा साधी घाला. आपला सलवार-कमीज या बाबतीत सोयीचा, पण ओढणीबद्दल आधी विचारून घ्या. एक जादा कपड्यांचा जोड गाडीत ठेवाच.

आणि मग आत गेल्यावर सगळं वेगळं होतं. मोठ्या तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीत ट्यूबलाइट, रांगेत टेबलं, भिंतीशी खाऊची यंत्रं. पुष्कळ कॅम्पांवर भेट बाहेर होते, झाडाखालच्या लाकडी बाकांवर. काही ठिकाणी शेगडी असते आणि घरच्यांनी आणलेलं काही शिजवून एकत्र खाता येतं. काय आणता येईल याचे नियम कॅम्पागणिक वेगळे, आणि बदलतातही, म्हणून तेही फोनवरच विचारायचं. भेटल्यावर आणि निघताना मिठी मारता येते, मधल्या वेळात हात हातात धरता येतो. दीड वर्षापूर्वी मोठ्या तुरुंगात असताना तिच्या मुलाने तिच्याशी बोलताना एकदाही पाठ दाराकडे केली नव्हती. कॅम्पवरच्या पहिल्या भेटीत तो बाकावर डोकं टेकून वीस मिनिटं झोपला, आणि तिने त्याला उठवलं नाही. इतक्या लांबून येऊन भेटीचा वेळ झोपेत गेला म्हणून तिला वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तो माझ्यासमोर झोपला ना."

पहिल्यांदा जाणाऱ्याला हा मोकळेपणा गोंधळात टाकतो. फाटक उघडं, पहारेकरी हसून बोलणारे, समोर डोंगर. मग भेट संपल्यावर तो हजेरीला निघून जातो आणि आपण गाडीकडे, तेव्हा पुन्हा कळतं की आपण कुठे आलो होतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा की बाबा आज घरी येणार नाही. कुंपण दिसत नसल्यामुळे मुलांना वाटतं तो येऊ शकतो.

भेट हुकली तर? जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांतून केलेले फोन मोफत आहेत. खर्च कैद्यालाही नाही आणि घरच्यांनाही नाही. हा कायदा होण्याआधी महिन्याचं फोनबिल भरायला शेजारणीने दुसऱ्यांच्या घरी शिवणकाम केलं आहे. मात्र फोन तिकडूनच येतो, आपण करू शकत नाही, आणि आगीच्या तळावरून तो येईलच याचा भरवसा नाही. त्या दिवसांत पत्र लिहून ठेवावं. कॅम्पवर परतल्यावर माणसाला ते वाट पाहत पडलेलं मिळतं. आग कुठे आहे हे कॅल फायरच्या संकेतस्थळावर नकाशासह दिसतं, किती टक्के आटोक्यात आली तेही. पण कोणता क्रू कुठे आहे ते घरच्यांना सांगत नाहीत, त्यामुळे नकाशाकडे सारखं पाहून फार काही हाती लागत नाही. शेजारीण तरी पाहते.

त्या शनिवारी आम्ही परत फिरलो, त्यानंतर नऊ दिवस तिला फोन आला नाही. दहाव्या दिवशी, सोमवारी रात्री, आला. आवाज बसलेला होता. आगीबद्दल तो काही बोलला नाही. आईने त्या दिवशी काय करून आणलं होतं ते त्याने विचारलं, तिने सांगितलं, आणि मग तो म्हणाला, येत्या रविवारी तेच कर, पण निघण्याआधी फोन कर.